राजवट आड येते की नुसती मागे टांगलेली असते?

गोव्यात तरुण वाचक एकमेकांना डिस्टोपियन, म्हणजे जाचक राजवटीच्या कल्पित जगातल्या, प्रेमकादंबऱ्या सुचवतात, तेव्हा दोन अगदी वेगळ्या जातींची पुस्तकं एका दमात सांगितली जातात. एका जातीत राजवट प्रेमाच्या आड येते. दुसरीत प्रेमकथा नेहमीचीच असते आणि राजवट जत्रेतल्या नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखी मागे टांगलेली असते. दुसऱ्या जातीचं पुस्तक पहिलीतलं समजून उघडलं की निराशा ठरलेली. मग वाचक म्हणतो, प्रेमप्रकरणानं कादंबरीची वाट लावली. दोष प्रेमाचा नसतोच.

प्रेमकथेचा साचा सांगायला नको. ओढ, गैरसमज, ताटातूट, मीलन सगळ्यांना पाठ आहे. महापुरानंतरच्या किंवा अणुयुद्धानंतरच्या उजाड जगालाही सरसकट डिस्टोपिया म्हणतात, पण तिथे व्यवस्था कोसळलेली असते. डिस्टोपियात ती नको इतकी चोख चालू असते. हा फरक एवढाच.

गफलत होते ती कायद्यापाशी. पहिल्या काही प्रकरणांत एक भयंकर नियम येतो: जोडीदार सरकार निवडणार, किंवा ठरावीक वयात प्रेमाची भावनाच काढून टाकणार. नियम वाचूनच वाचक समजतो की डिस्टोपिया हातात आली. पण नियम सांगून भागत नाही, तो पात्रांना रोज नडला पाहिजे. तीन गोष्टी तपासाव्यात: दोघांना भेटायला जागा कशी मिळते, निरोप कसा पोचतो, आणि समोरचा खबऱ्या नाही याची खात्री कशी पटते. गच्चीचं दार उघडंच आहे, पहारेकरी नेमका त्या वेळी बदलतो, मैत्रीण कधीच फुटत नाही, असं असेल तर शिक्षा फक्त संवादांत उरते. तीच जोडी म्हापशाच्या एखाद्या हायर सेकंडरीत नेऊन ठेवली तरी एकही प्रसंग बदलणार नाही.

ऑर्वेलच्या '१९८४'मध्ये राजवट प्रत्येकावर पाळत ठेवते; तिथे ज्युलियाची प्रेमाची चिठ्ठी हातात पडल्यावर तिच्याशी चार शब्द बोलायला विन्स्टनचा आठवडा उलटतो. २००८च्या 'द हंगर गेम्स'मध्ये राजवट मुलांना टीव्हीवर एकमेकांशी जिवावर उदार होऊन लढायला लावते; तिथे पीटा कॅटनिसवरच्या प्रेमाची कबुली देतो ती टीव्हीवरच्या मुलाखतीत. पुढे त्याच प्रेमकथेमुळे प्रायोजक मदत पाठवतात आणि कॅटनिसला आपलं कोणतं वागणं खरं हेच कळेनासं होतं. राजवट काढून टाका, दोन्ही प्रेमकथा उभ्याच राहणार नाहीत.

गोव्यातल्या वाचकाला याचं उदाहरण घरातच सापडेल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात इथे छापायचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नव्हती. खासगी आयुष्यात राजवट शिरते ती अशी. लेखकानं एवढा एकच धागा धरला तरी प्रसंग आपसूक उभे राहतात: पत्रिका घेऊन कचेरीत कोण गेलं, ती किती दिवस अडली, कोणतं नाव खटकलं, मुहूर्त जवळ आल्यावर कुणाचे पाय धरावे लागले. राखाडी गणवेश आणि भारदस्त नावांची सरकारी खाती हे काम करू शकत नाहीत.

फसलेल्या कादंबऱ्यांत आणखी एक खोट वारंवार दिसते. निवेदन नायिकेच्या तोंडी आणि वर्तमानकाळात असतं, म्हणजे तिला दिसेल तेवढंच वाचकाला दिसतं. अशा वेळी राजवट रेशनच्या रांगेतून, शाळेच्या धड्यातून, आईच्या दबक्या आवाजातून यायला हवी. त्याऐवजी नायिका स्वतःलाच तीन पानं इतिहास सांगत बसते. मग वेग यावा म्हणून दुसरा मुलगा आणला जातो. हा प्रेमत्रिकोण मला मुळीच खपत नाही. एक मुलगा निवडल्यानं राजवटीचं काही बिघडणार असेल तर तो ठेवावा, एरवी शंभर पानं नुसती घुटमळण्यात जातात.

ग्रंथालयात पुस्तक निवडताना मलपृष्ठावर जाऊ नका, तिथे नेहमी कायदाच छापलेला असतो. मधलं एखादं प्रकरण उघडा आणि दोघांच्या भेटीचा प्रसंग शोधा. त्या भेटीसाठी कुणाला काही गमवावं लागलं असेल, तर पुस्तक घरी न्या.