वैयक्तिक कर्जाची थकबाकी आणि पतनोंदीची दुरुस्ती (गोवा)

हप्ते चुकू लागल्यावर थकबाकी आवाक्यात आणणे आणि तिच्यामुळे बिघडलेली पतनोंद, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद, सावरणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही करावी लागतात. कर्ज फिटले म्हणून नोंद आपोआप स्वच्छ होत नाही. नोंद सुधारून देणारा एजंट आधी गाठला तर पैसे जातात आणि कर्ज जिथल्या तिथे राहते. बँका, वित्त कंपन्या आणि ही नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांचे नियम देशभर एकच आहेत. गोव्यात मात्र हंगामी कमाई, पतसंस्थांची जामीनदारी आणि पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेचा कायदा यांमुळे हे प्रश्न वेगळ्या रीतीने उभे राहतात.

हंगाम आणि नव्वद दिवस

किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी उपाहारगृहे, मे महिन्याच्या अखेरीस मोडले जातात, जलक्रीडा बंद होतात, पर्यटक टॅक्सीचा आणि भाड्याच्या दुचाकींचा धंदा उतरतो. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. कमाई पुन्हा सुरळीत होते ती ऑक्टोबरात. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने सारखाच असतो, आणि गोव्यातली बरीचशी थकबाकी याच चार महिन्यांत तयार होते.

हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत खाते एसएमए-०, ६० दिवसांपर्यंत एसएमए-१ आणि ९० दिवसांपर्यंत एसएमए-२ या गटात राहते (एसएमए म्हणजे बँकेने विशेष लक्ष ठेवायचे खाते). त्यानंतर ते अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरते. दरमहा ५ तारखेचा १२,००० रुपयांचा हप्ता जूनपासून भरला नाही, तर ३ सप्टेंबरला नव्वद दिवस पूर्ण होतात, म्हणजे नेमके चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) खर्चाच्या दिवसांत. दिवस मोजले जातात ते सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून. जुलैत कसाबसा एकच हप्ता भरला, तरी तो जूनच्या हप्त्यापोटी धरला जातो, मोजणी ५ जुलैपासून धरली जाते आणि मुदत ३ ऑक्टोबरपर्यंत लांबते. पावसाळ्यात भरलेल्या एका हप्त्याचे मोल इतके मोठे आहे. खाते एकदा एनपीए झाले की ते नियमित व्हायला संपूर्ण थकबाकी भरावी लागते. एकदोन हप्त्यांनी तो शिक्का निघत नाही.

हंगामी धंदेवाईकाने यासाठी दोन गोष्टी आधीच कराव्यात. पहिली, कर्ज मंजूर होतानाच ऑक्टोबर ते मे मोठे आणि पावसाळ्यात लहान असे हप्त्यांचे वेळापत्रक मागणे. मंजुरीच्या वेळी ठरलेले वेळापत्रक ही पुनर्रचना नसते. तेच हप्ते थकल्यावर अडचणीपोटी बदलून घेतले, तर खाते अहवालात ‘पुनर्रचित’ म्हणून दिसते आणि पुढचा बँकवाला त्यावर बोट ठेवतो. दुसरी, हंगामाच्या आठ महिन्यांत दरमहा ६,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवणे. १२,०००चे चार हप्ते, म्हणजे ४८,००० रुपये, त्यातून सुटतात. इथे एक चूक वारंवार होते. मे महिन्यात हातात आलेली रक्कम लोक ‘आगाऊ’ म्हणून कर्जखात्यात भरतात. बँक ती मुद्दलात वळती करते, जूनचा हप्ता तसाच देय राहतो आणि मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची बँकेला दिलेली परवानगी, पैशांअभावी बाउन्स होते. पैसे हप्त्यांसाठी असतील तर ते ज्या बचत खात्यातून हप्ता कापला जातो तिथे हवेत.

पत अहवाल

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या २००५ च्या कायद्याखाली काम करतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह फुकट मिळतो. तो त्यांच्या संकेतस्थळावरून स्वतःच काढावा आणि चारही काढावेत, कारण एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहू शकते.

गुणांक ३०० ते ९०० यांमध्ये असतो. लोक तेवढाच आकडा पाहतात. बँकेचा अधिकारी मात्र खात्यांची महिनावार रांग पाहतो. प्रत्येक महिन्याखाली किती दिवसांची थकबाकी होती ते लिहिलेले असते: ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे कर्जदात्याने त्या महिन्याची माहितीच दिली नाही. ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले), ‘रिटन ऑफ’ (निर्लेखित) आणि ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल) हे शेरे गुणांकापेक्षाही जड जातात. बँकेने हिशेबापुरते निर्लेखित केलेले कर्ज माफ झालेले नसते, त्याची वसुली चालूच राहते.

पतसंस्थेचे कर्ज या अहवालात दिसेलच असे नाही. म्हणून ते बुडवले तर चालते असा समज खेडोपाडी आहे, आणि तो जामीनदारांच्या जिवावर उठतो.

आधी कोणते कर्ज

एका वहीत प्रत्येक कर्जाची बाकी, व्याजदर, हप्त्याची तारीख, तारण आणि जामीनदार लिहावे. त्यावरून क्रम ठरतो. ज्याच्यावर कमाई चालते ते वाहन किंवा होडी आणि राहते घर ज्यात अडकले आहे, ते हप्ते चुकू देऊ नयेत. उरलेल्यांत सर्वांत महाग कर्जावर जादा पैसे घालावेत. ते बहुधा क्रेडिट कार्डाचे असते. १,००,००० रुपये बाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये होतात. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये भरले, तर मुद्दल जेमतेम ८७० रुपयांनी उतरते. कार्ड बंद ठेवून बाकी ठरावीक मुदतीच्या हप्त्यांत बदलून घेणे किंवा घरातले सोने बँकेत तारण ठेवून ती फेडणे यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. सोन्याचे कर्ज मुदतीत सोडवले नाही तर लिलाव होतो, म्हणून सोडवण्याची तारीख आधी ठरवूनच हा मार्ग घ्यावा. कार्डावर एटीएममधून रोकड कधीच काढू नये. तिला बिनव्याजी दिवस नसतात.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या बाबतीत एक कसोटी पुरते. कर्ज कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी देते हे स्पष्ट लिहिलेले हवे आणि रक्कम थेट तिच्याकडून आपल्या खात्यात यायला हवी. फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारे ॲप लगेच काढून टाकावे. धमक्या येत असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

तडजोड

एकरकमी तडजोडीत बँक काही रक्कम सोडते. दुसरा उपाय उरला नसेल तरच ती करावी. बोलणी फोनवर झाली तरी पैसे पत्र हातात आल्यावरच भरावेत. पत्रात खाते क्रमांक, एकूण रक्कम, भरण्याच्या तारखा, दावा मागे घेण्याची हमी आणि अहवालात काय शेरा जाणार हे लिहिलेले असावे. पैसे कर्जखात्यात भरावेत, वसुली एजंटच्या हाती रोख देऊ नये. यानंतर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार त्या बँकेकडून पुन्हा कर्ज मिळण्यापूर्वी किमान बारा महिने जावे लागतात. शेतीकर्जाला हे लागू नाही. पुढे पैसे आले, तर सोडलेली रक्कम भरून खाते ‘बंद’ असे नोंदवून घेता येते. बँकेला तसे लेखी विचारावे.

२०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांतल्या ट्रकमालकांवर हीच वेळ आली. दोष त्यांचा नव्हता, पण पतनोंद कारण विचारत नाही. तडजोडीने मिटलेले खाते पूर्ण फेडलेल्या खात्यासारखे दिसत नाही.

लोकअदालतीत, दावा दाखल होण्यापूर्वीही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत तडजोड होऊ शकते. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून झेपतील तेवढेच हप्ते कबूल करावेत.

जामीनदार, जोडीदार, वारस

जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, असे तो बँकेला सांगू शकत नाही. बँकेचे कर्ज असेल तर थकबाकी त्याच्याही अहवालात उतरते. शेजाऱ्याच्या किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या कर्जाला सही केलेल्याने दर सहा महिन्यांनी खाते उतारा मागावा. जामीनदाराने पैसे भरले, तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. त्यासाठी भरण्याच्या पावत्या स्वतःच्या नावाने घ्याव्यात.

गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. स्थावर मालमत्ता गहाण ठेवायला दोघांची संमती लागते. म्हणून बँक घरकर्जात जोडीदाराला सहकर्जदार करते आणि हप्ता चुकला की दोघांचीही नोंद बिघडते. एकट्याच्या नावावरचे कार्ड जोडीदाराच्या अहवालात दिसत नाही. कर्जदार वारला तर सहकर्जदार किंवा जामीनदार नसलेल्या वारसांचे देणे वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतेच असते. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मयताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करण्याच्या न्यायालयीन, कामात मालमत्तेबरोबर मयताची कर्जेही मांडावीत. विमा होता का हे आधी पाहावे. घरकर्जाला जोडलेला विमा कित्येक घरांत कपाटातच राहतो.

वसुली

वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतात. शिवीगाळ करणे, नातेवाइकांकडे किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन बदनामी करणे नियमबाह्य आहे. फोनची वेळ, क्रमांक आणि बोललेले शब्द लिहून ठेवावेत.

नुसते कर्ज थकणे हा गुन्हा नाही. धनादेश न वटणे ही वेगळी बाब आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली नाही, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. बाउन्स झालेल्या मॅन्डेटलाही तशीच तरतूद लागू होते. गहाण घरावर सरफेसी कायद्याची (बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) नोटीस आली, तर उत्तर द्यायला आणि पैसे भरायला ६० दिवस असतात. ताबा घेण्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. घरी आलेले पाकीट न स्वीकारल्याने हे दिवस थांबत नाहीत.

चुकीची नोंद

गावकर, नाईक, फडते अशी आडनावे गावागावांत सापडतात आणि रोमन लिपीत ती तीन-चार प्रकारे लिहिली जातात. त्यामुळे एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊ शकते. फिटलेले खाते चालू दिसणे ही दुसरी नेहमीची चूक. पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवावा, त्याची प्रत कर्जदात्यालाही द्यावी आणि दाखला जोडावा. कर्जदात्याला २१ दिवस आणि एकूण प्रक्रियेला ३० दिवस मिळतात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देय होते. निकाल न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार संकेतस्थळावर तक्रार करता येते. पतसंस्थेची तक्रार तिथे चालत नाही, ती सहकार निबंधकांकडे न्यावी लागते.

खरी नोंद मात्र कोणीही पुसू शकत नाही. तिच्यावर नव्या, वेळेवर भरलेल्या महिन्यांची रांग चढवणे एवढाच उपाय आहे. मुदतठेवीवर मिळणारे लहान मर्यादेचे कार्ड घ्यावे, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरावे आणि पूर्ण बिल भरावे. एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशी अहवालात उमटते.

कर्ज फिटल्यावर

बँकेकडून नो ड्यूज दाखला घ्यावा. घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बोजा उतरल्याची खात्री उपनिबंधकाकडच्या बोजा दाखल्यावरून करावी. वाहनासाठी फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र घेऊन वाहतूक कार्यालयात हायपोथिकेशन, म्हणजे वाहनावरची कर्जदात्याची तारणनोंद, उतरवावे. ते काम पुढे ढकलले की पत्राची मुदत संपते आणि पुन्हा बँकेचे खेटे पडतात. म्हापसा अर्बन आणि मडगाव अर्बन या सहकारी बँकांचे परवाने अनुक्रमे २०२० आणि २०२१ मध्ये रद्द झाले. तिथल्या कर्जदारांचे देणे त्यामुळे संपले नाही. वसुली अवसायकाकडे, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, गेली आणि दाखलाही त्याच्याकडूनच घ्यावा लागतो.