गट हेल्थ (आतड्याचं आरोग्य) प्रॉडक्टचा बाजार आला कुठून, आणि आयनोफोरचं भिजत घोंगडं

ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्यांच्या) फीडच्या फॉर्म्युल्यात अगदी खालच्या ओळी बघा, प्रोबायोटिक (चांगले जिवाणू), अ‍ॅसिडिफायर, कोटेड ब्युटिरेट (आवरण दिलेला ब्युटिरिक आम्लाचा क्षार), एमओएस (यीस्टच्या भिंतीतली साखर), टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारा), वरनं एखादं इसेन्शियल ऑइल. सगळं ग्रॅममध्ये किंवा फार तर किलो-दोन किलोत. पूर्वी ह्या सगळ्यांच्या जागी एकच ओळ असायची, ग्रोथ प्रमोटर, म्हणजे वाढीसाठी कायम थोडं थोडं दिलेलं अँटिबायोटिक, आणि ती सुद्धा कुणी फार विचार करून घालत नसे, मागच्या बॅचला होती म्हणून ह्या बॅचला. आजचा गट हेल्थचा जो बाजार आहे तो त्या एका ओळीच्या जाण्यातून उभा राहिलाय.

ती ओळ आली कुठून हे थोडक्यात. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एका औषध कंपनीचे लोक पिल्लांसाठी बी-१२ चा स्वस्त सोर्स शोधत होते, ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवून झाल्यावर उरलेला चोथा त्यांनी खाद्यात घातला आणि पिल्लं बी-१२ च्या हिशोबापेक्षा जास्त वाढली. १९५१ मध्ये तिकडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फीडमध्ये अँटिबायोटिक घालायला परवानगी मिळाली. १९६९ मध्ये ब्रिटनच्या एका समितीनं सांगितलं की माणसाच्या उपचाराला लागणारी औषधं वाढीसाठी वापरू नका. १९७३ मध्ये फिनलंडच्या दोन संशोधकांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातलं द्रव्य लहान पिल्लांना पाजून साल्मोनेला रोखून दाखवला, आजच्या प्रोबायोटिकवाल्यांची पहिली स्लाइड असते ती हीच. पण तेव्हा बाजारानं ढुंकूनही बघितलं नाही, कारण अँटिबायोटिक स्वस्त होतं आणि काम करत होतं.

खरा धक्का युरोपातनं आला. स्वीडननं ग्रोथ प्रमोटर १९८६ मध्येच बंद केले होते, पण बाकीच्यांना जाग आली ती अ‍ॅव्होपार्सिनमुळं. हे कोंबड्या-डुकरांच्या फीडमधलं औषध, माणसाला देतात त्या व्हँकोमायसिन अँटिबायोटिकचा चुलतभाऊ, आणि त्यामुळं व्हँकोमायसिनला दाद न देणारे एन्टरोकॉकस जिवाणू फार्मवर सापडायला लागले. १९९७ मध्ये ते बंद झालं, १९९९ मध्ये बॅसिट्रासिन, टायलोसिन, स्पायरामायसिन आणि व्हर्जिनियामायसिन, आणि १ जानेवारी २००६ पासून उरलेली चार.

ह्या उरलेल्या चारात सगळी गंमत आहे. अ‍ॅव्हिलामायसिन, फ्लेव्होफॉस्फोलिपॉल, मोनेन्सिन आणि सॅलिनोमायसिन. शेवटची दोन म्हणजेच आयनोफोर, ती वाचून ब्रॉयलरवाला थबकतो, कारण सॅलिनोमायसिन तर आपण कॉक्सीसाठी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग) टाकतो, १२ टक्क्यांचं प्रिमिक्स टनाला ५०० ग्रॅम म्हणजे ६० पीपीएम. तर झालं असं की मोनेन्सिन गाईबैलांच्या आणि सॅलिनोमायसिन डुकरांच्या फीडमधून ग्रोथ प्रमोटर म्हणून बाहेर गेलं, आणि तेच मॉलिक्यूल कोंबडीच्या फीडमध्ये कॉक्सिडिओस्टॅट (कॉक्सी रोखणारं औषध) म्हणून तसंच राहिलं. कायद्यात खाना बदलला की झालं. २००३ च्या नियमात तर लिहिलं होतं की कॉक्सिडिओस्टॅट सुद्धा २०१२ च्या शेवटापर्यंत काढायचे का ते बघू, त्यासाठी रिपोर्ट मागवला, २००८ मध्ये रिपोर्ट आला की ह्यांच्याशिवाय चालणार नाही, विषय संपला.

आता आयनोफोर काम कसं करतं ते बघितल्याशिवाय ते अँटिबायोटिक धरायचं की नाही ह्या वादाचं वजन कळत नाही. ते स्ट्रेप्टोमायसिससारख्या जिवाणूपासूनच बनतं, म्हणजे जन्मानं अँटिबायोटिकच. सोडियम-पोटॅशियम पेशीच्या आवरणातून आरपार नेतं, कॉक्सीचा परजीवी आतून फुगतो आणि संपतो. पण हेच ते क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स ह्या जिवाणूवर पण करतं! आणि कॉक्सीनं आतड्याचं अस्तर सोललं की तिथं पाझरणाऱ्या प्रथिनांवरच क्लॉस्ट्रिडियम माजतं, म्हणजे आयनोफोर एनईला (नेक्रोटिक एन्टरायटिस, क्लॉस्ट्रिडियममुळं होणारा आतड्याचा रोग) दोन्ही बाजूंनी दाबतं. ज्यांनी एनईचं पोस्टमॉर्टेम केलंय त्यांना माहितीय, आतडं फुग्यासारखं फुगलेलं, भिंत कागदाइतकी पातळ, कापलं की घाण वास आणि आतनं जुन्या टर्किश टॉवेलसारखं खरखरीत.

म्हणून डेन्मार्कचं उदाहरण जेव्हा कुणी तोंडावर फेकतं तेव्हा मला थोडं थांबावंसं वाटतं. तिथल्या ब्रॉयलरवाल्यांनी १९९८ मध्ये स्वतःहून ग्रोथ प्रमोटर बंद केले, मर वाढली नाही, एफसीआर (एक किलो वजनाला लागणारं खाद्य) जेमतेम ०.०१६ नं बिघडला, सगळीकडं हा आकडा फिरतो. आकडा बरोबर आहे. पण त्याच काळात तिकडं सॅलिनोमायसिनचा खप वाढला होता हे स्लाइडवर नसतं. अ‍ॅडिटिव्हनं जागा भरून काढली की शेजारच्या ओळीतल्या आयनोफोरनं, हे वेगळं काढून कुणी दाखवत नाही.

अमेरिकेनं उलटं केलं, तिकडं आयनोफोर अँटिबायोटिकमध्येच मोजतात. त्यामुळं 'कधीच अँटिबायोटिक नाही' असं लेबल लावायचं तर आयनोफोर पण सोडावं लागलं, मग केमिकल कॉक्सिडिओस्टॅट आणि व्हॅक्सीन आलटून पालटून, आणि वर अ‍ॅडिटिव्हचा मारा. अ‍ॅडिटिव्हची खरी परीक्षा झाली असेल तर ती ह्या शेडमध्ये, युरोपात नाही. २०२३ मध्ये तिथल्या सगळ्यात मोठ्या चिकन कंपनीनं ते लेबल सोडून 'माणसाच्या औषधात महत्त्वाचं अँटिबायोटिक नाही' अशी भाषा घेतली, म्हणजे आयनोफोरला परत दार उघडलं. नॉर्वेनं मात्र २०१६ पर्यंत नॅरासिन हे आयनोफोर काढून टाकलं आणि व्हॅक्सीनवर गेले. त्यांच्या शेजारी स्वीडनमध्ये एकाच प्लास्मिडवर (जिवाणू एकमेकांना देतात तो डीएनएचा तुकडा) नॅरासिन आणि व्हँकोमायसिन दोन्हींचा रेझिस्टन्स सापडलेला होता, त्यामुळं 'माणसाशी काही संबंध नाही' हे वाक्य तितकं सरळ राहिलेलं नाही. तरी माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या ओल्या लिटरवर (शेडमधल्या तुसाच्या अंथरुणावर), पावसाळ्यात, आयनोफोर काढून फक्त प्रोबायोटिकवर बॅच काढायला सांगणारा माणूस स्वतःची पिल्लं टाकत नसतो.

आपल्याकडं हे सगळं उशिरा आणि अर्धवट आलं. २००७ च्या पोल्ट्री फीड मानकात टेट्रासायक्लिन, फ्युराझोलिडोन असले सिस्टिमिक (आतड्यातून रक्तात जाणारे) प्रमोटर वापरू नका असं लिहिलं, पण मानक ऐच्छिक, त्यामुळं गोण्यांवर फरक पडला नाही. २०१४ मध्ये दिल्लीतल्या एका संस्थेनं तिथल्या परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत औषधाचे अंश निघाले, टीव्हीवर आठवडाभर चाललं. मग २०१५ च्या शेवटी चीनमधनं कोलिस्टिन ह्या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या एमसीआर-१ जीनची बातमी आली, चीननं २०१७ मध्ये ग्रोथ प्रमोटर म्हणून ते बंद केलं आणि आपल्या सरकारनं जुलै २०१९ मध्ये एकदम जनावरांसाठी बनवणं, विकणं सगळंच बंद. कोलिस्टिन इथं गट हेल्थचा घरचा माणूस होता, लूज ड्रॉपिंग (पातळ विष्ठा) दिसली की पाण्यात, नाहीतर फीडमध्ये कायम. ते गेल्यावर अ‍ॅडिटिव्हवाल्यांचे फोन वाढले हे खरं, पण बऱ्याच फॉर्म्युल्यात ती जागा हॅल्क्विनॉल, बीएमडी, एन्रामायसिन असल्या दुसऱ्या जिवाणूनाशकांनी घेतली हे पण खरं. आणि 'अँटिबायोटिक फ्री' म्हणून शहरात विकल्या जाणाऱ्या पाकिटामागं आयनोफोर धरलंय का वगळलंय, हे विचारलं तर सेल्सवाला पण गोंधळतो.

बाकी प्रॉडक्टचं म्हणाल तर चाळणी आपोआप लागत गेली. लॅक्टोबॅसिलस पेलेटिंगच्या (खाद्याच्या गोळ्या करण्याच्या) ८०-८५ डिग्रीत टिकत नाही म्हणून फीडमध्ये बॅसिलसचे स्पोअर आले. साधं ब्युटिरेट वरच्या आतड्यातच शोषलं जातं, वर अख्ख्या फीडमिलला वास, म्हणून कोटिंग, मग ग्लिसराइड. एमओएसला ई. कोलाय आणि साल्मोनेला चिकटतात, क्लॉस्ट्रिडियमवर त्याचा तसा उपयोग नाही. कार्व्हाक्रॉल-थायमॉलवाल्यांचं (म्हणजे इसेन्शियल ऑइलचं) बॅचगणिक वेगळं, कारण तेलाचा दर्जा वेगळा. आणि झायलनेज एन्झाइम, ज्याला गट हेल्थ म्हणून कुणी विकतही नव्हतं, ते आतड्यातला चिकटपणा कमी करून कधी कधी ह्या सगळ्यांपेक्षा लिटर जास्त कोरडं ठेवतं.

आता नवीन दबाव कच्च्या मालाचा आहे. इथेनॉलला मका जायला लागल्यावर मक्याचा भाव चढला आणि डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा) स्वस्त झालं, म्हणून फॉर्म्युल्यात डीडीजीएस वाढत गेलं, आणि मक्यातलं टॉक्सिन त्यात जवळजवळ तिप्पट होऊन येतं. फीड पासिंगची (विष्ठेत न पचलेलं खाद्य दिसण्याची) तक्रार आली की सुपरवायझर आधी प्रोबायोटिक बदला म्हणतो, मिलवाला कॉक्सी बघा म्हणतो, आणि डीडीजीएसचा टॉक्सिन रिपोर्ट कुणी मागवलेलाच नसतो.