गोळीला झालेला उशीर

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात शिकारीचा एक जगावेगळा हंगाम सुरू होतो. दुर्बीण लावलेल्या रायफलींचा हंगाम तोवर उरकलेला असतो. आता बंदूक घेऊन हरणामागे जायचं तर ती बहुतेक भागांत चकमकीची, ठासणीचीच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी, रंजक (आधी पेट घेणारी चिमूटभर दारू) पेरायची आणि गारगोटीच्या ठिणगीवर भरवसा ठेवायचा. या हंगामाची सुरुवात १९७४ साली झाली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे चितळ-सांबर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ही तुलना अमेरिकेपुरतीच. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे आणि ती आटोक्यात ठेवायला सरकारच दरवर्षी परवाने देतं. त्यामुळे ‘जुनी रायफल बरी की नवी?’ हा वाद तिथे घरोघरी चालतो. तो बहुधा आजोबांच्या आठवणी आणि नव्या खरेदीची हौस यांच्यात अडकतो. मला मात्र तो हवेचा प्रश्न वाटतो.

तीन उमेदवार घेऊ. पहिली ही चकमकीची बंदूक. अठराव्या शतकात याच राज्यातल्या लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब नळीच्या रायफलींची वंशज. दुसरी, अमेरिकन माणूस ‘पारंपरिक’ म्हणताना जी डोळ्यांपुढे आणतो ती विंचेस्टर १८९४: चापाखालची कडी खालीवर केली की पुढचं काडतूस नळीत. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या या रायफलीचं थर्टी-थर्टी काडतूस १८९५ साली आलं, धूर न करणाऱ्या नव्या दारूसह. तिसरी आजची बोल्टवाली (हाताने खिट्टी मागेपुढे सरकवून काडतूस भरायची) रायफल, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर या २००७ मधल्या काडतुसाची. खरं तर हिचा बोल्टही १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीच्या घराण्यातलाच, म्हणजे ‘आधुनिक’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरलेला बरा.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपच राहतो, म्हणून तो पांढरा धुराचा लोट आणि नळीत साचणारी काजळी. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजची दारू तयार केली. ती जवळजवळ सगळीच वायू होते. वेग वाढले आणि नळी स्वच्छ राहू लागली. पण नळीतून बाहेर पडल्यावर काय होतं, ही गोष्ट वेगळी.

हवा गोळीला किती अडवते हे १७४२ पर्यंत कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्या वर्षी बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. टांगलेल्या जड लाकडी लोलकावर गोळी मारायची आणि लोलक किती झुलला यावरून तिचा वेग काढायचा. वेगवान गोळीला होणारा हवेचा विरोध त्या काळच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. चकमकीच्या बंदुकीची अर्ध्या इंचाची गोल गोळी सेकंदाला साडेपाचशे मीटरने निघते आणि नव्वद मीटरवर पोचेपर्यंत तिचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. गोल आकार हवेत फार महाग पडतो.

थर्टी-थर्टीची गोळी लांबट आहे, पण नाकाने चपटी. कारण मजेशीर आहे. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपवलेली असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाशी, नेमकी त्याच्या टोपीवर टेकली असती, आणि धक्क्याने आतल्या आत बार उडाला असता. क्रीडमूरची गोळी मात्र सुईसारखी लांब. ती डगमगू नये म्हणून नळीतले आटे, म्हणजे पिळदार खाचा, दर आठ इंचांना एक फेरा देतात. बाहेर पडताना ती सेकंदाला चार हजार वेळा स्वतःभोवती फिरत असते.

आता वारा. गोळी जितका वेळ हवेत, तितका वेळ वारा तिला ढकलतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. हवा गोळीला मागे ओढते ती गोळीला ‘जाणवणाऱ्या’ वाऱ्याच्या दिशेने, आणि आडवा वारा असला की ही दिशा किंचित तिरपी होते. म्हणून हवेने जितकं अडवलं, त्याच प्रमाणात गोळी बाजूला सरकते. एकोणिसाव्या शतकात इझिदोर दिदिओं या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याने याचा सोपा हिशेब मांडला: हवा नसती तर लागला असता तो वेळ प्रत्यक्ष वेळेतून वजा करा, उरलेल्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणा.

करून पाहू. अंतर २७५ मीटर, आडवा वारा ताशी १६ किलोमीटर. थर्टी-थर्टीची गोळी निर्वातात ०.३८ सेकंदात पोचली असती, प्रत्यक्षात ०.४९ लागतात. उशीर ०.११ सेकंदाचा, म्हणून ती अर्धा मीटर बाजूला जाते. क्रीडमूरला उशीर होतो ०.०३ सेकंदाचा, ती सरकते १३ सेंटिमीटर. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण वीस सेंटिमीटर रुंद. म्हणजे वाऱ्याचा अंदाज चुकला, तर या अंतरावर पहिली गोळी हरणाला जखमी करून पळवते किंवा साफ चुकते. गुरुत्वाकर्षणाची घट त्यामानाने साधी बाब आहे. थर्टी-थर्टी नळीच्या रेषेखाली मीटरभराहून थोडी जास्त पडते, क्रीडमूर साठ-पासष्ट सेंटिमीटर. अंतर मोजलं की ही घट तक्त्यात सापडते. झाडांमागून येणारा वारा कुठल्या तक्त्यात सापडणार?

पण हे २७५ मीटर आले कुठून? पेन्सिल्व्हेनियाच्या रानात एवढं लांबचं दिसतच नाही. तेच गणित ७५ मीटरवर करा. वाऱ्याने थर्टी-थर्टी तीन सेंटिमीटर सरकते, क्रीडमूर एक. दोघींच्या घटीतला फरक दोन सेंटिमीटरही नाही. शंभराहून जास्त वर्षांची प्रगती इथे बोटभर मापात मावते! चकमकीच्या बंदुकीला मात्र इथेही सवलत नाही. तिची गोल गोळी याच वाऱ्यात पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जाते.

तिचा आणखी एक उशीर आहे, गोळी सुटण्याआधीचा. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, रंजक पेटते, मग ज्वाळा कानातून आत शिरते. चांगल्या बंदुकीतही या सगळ्यात सेकंदाचा दहावा भाग जातो. आजच्या रायफलीत दोन-चार हजारांश. तेवढा वेळ, तेही डोळ्यांसमोर भपका उठलेला असताना, नेम हलू द्यायचा नाही. आणि रंजक ओलसर असेल तर नुसताच फुसका बार. म्हणून तिथले शिकारी बर्फात चकमकीवर चामड्याचं झाकण बांधतात.

चाळिशीनंतर एक गोष्ट कबूल करावी लागते. उघड्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि हरीण ही तीन अंतरं डोळ्याने एकदम स्पष्ट पाहायची असतात, आणि ते म्हाताऱ्या भिंगाला जमत नाही. दुर्बीण नेमाची खूण आणि हरीण एकाच पातळीवर आणते, शिवाय पहाटेच्या अंधुक उजेडात मदत करते. माझ्या मते नव्या रायफलीचा हा फायदा तिच्या काडतुसापेक्षाही मोठा आहे.

जवळच्या अंतरावर हाच वेग अंगाशी येतो. शिशाची वेगवान गोळी अंगात फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या खिम्यात शिसं सापडलं आणि ते मांस फेकून द्यायला सांगावं लागलं. ठासणीची संथ गोळी सहसा फुटत नाही, चपटी होते. शिशाला पर्याय तांब्याच्या गोळ्यांचा. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली आहे. पण तांब्याची गोळी नीट उमलायला वेग लागतो, आणि तो नव्या रायफलीकडे सहज असतो. हा एक डाव आधुनिकांचा.

ओहायोत वेगळीच पंचाईत होती. सपाट मुलूख, जागोजागी वस्ती, त्यामुळे लांब जाणारी गोळी म्हणजे शेजाऱ्याला धोका. म्हणून तिथे हरणासाठी पूर्वी मुख्यतः शॉटगन, म्हणजे कमी पल्ल्याची जाड नळीची बंदूक, चालायची. २०१४ पासून रायफली आल्या, पण सरळ भिंतीच्या (तोंडाशी एकदम अरुंद न होणाऱ्या), कमी पल्ल्याच्या काडतुसांच्याच. अशा राज्यांची बाजारपेठ ओळखून विंचेस्टरने २०१९ साली थ्री-फिफ्टी लेजंड नावाचं कोरं करकरीत काडतूस काढलं. त्याची दीडशे ग्रेनची, म्हणजे दहाएक ग्रॅमची, गोळी सेकंदाला सुमारे ७१० मीटरने निघते. १८९५ च्या थर्टी-थर्टीच्या आजच्या काडतुसातून तेवढ्याच वजनाची गोळी निघते ७३० मीटरने.