रजनीशपुरमचा रोल्स-रॉईस ताफा

भगवान श्री रजनीश (पुढे ओशो, १९३१–१९९०) अमेरिकेतील ऑरेगन राज्यात राहत असताना, म्हणजे १९८१ ते १९८५ या काळात, त्यांच्यासाठी जमवलेल्या रोल्स-रॉईस मोटारींचा ताफा. गाड्यांची संख्या बहुतेक ठिकाणी ९३ दिली जाते. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, अशा ३६५ गाड्या करायच्या, हे शिष्यांचे बोलून दाखवलेले स्वप्न होते. कागदोपत्री एकही गाडी रजनीशांची नव्हती. त्या एका न्यासाच्या मालकीच्या होत्या आणि रजनीश त्या फक्त ‘वापरत’.

रजनीशांनी १ जून १९८१ रोजी पुणे सोडले. कोरेगाव पार्कातला आश्रम मागे राहिला. त्यांच्या सचिव मां आनंद शीला यांनी पुढच्याच महिन्यात ऑरेगनमधील अँटलोप या चिमुकल्या गावाजवळ सुमारे ६४,००० एकरांचे ‘बिग मडी रँच’ ५७.५ लाख डॉलरना विकत घेतले. उघडेबोडके डोंगर, चिखल आणि बेसुमार चराईने खंगलेली जमीन असा तो मुलूख. तिथे संन्याशांनी, म्हणजे रजनीशांच्या दीक्षित शिष्यांनी, धरण, धावपट्टी, उपाहारगृहे, स्वतःची बससेवा आणि १९८२ पासून ‘रजनीशपुरम’ नावाची रीतसर नगरपालिका उभी केली. दिवसाचे बारा-बारा तास बिनपगारी राबणे चाले आणि त्या राबण्याला ‘वर्शिप’ म्हणजे पूजा म्हणत.

या पूजेत दुपारी खंड पडे तो गाडीसाठी. दुपारच्या सुमारास माणसे हातातली अवजारे टाकून रस्त्याच्या कडेला रांगेने उभी राहत. अंगात लाल-भगव्या छटांचे कपडे, गळ्यात गुरूचा फोटो असलेली १०८ मण्यांची माळ, कुणाकडे गिटार, कुणाकडे ढोलके. मग वळणावर रोल्स-रॉईसचे चकचकीत नाक दिसे. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने येई. लोकरी टोपी घातलेले, पांढऱ्या दाढीचे रजनीश एक हात चक्रावर ठेवून दुसऱ्या हाताने ठेका धरत. एखाद्या घोळक्यापुढे गाडी थबकली की तिथले लोक बेभान होत. टपावर, बॉनेटवर फुले पडत. या फेरीला ‘ड्राइव्ह-बाय’ असे साधे इंग्रजी नाव होते, पण आपल्याकडच्या माणसाला ती ओळखायला वेळ लागत नाही. ही पालखीच. फरक एवढाच की पालखीतला देव भोयांच्या खांद्यावर जातो, इथे देवच सारथी होता. आणि सोबत, विशेषतः शेवटच्या काळात, बंदूकधारी पहारेकरी चालत.

रजनीशांनी १९८१ च्या वसंतात जाहीर मौन धरले ते १९८४ च्या उत्तरार्धापर्यंत. त्यामुळे बहुसंख्य शिष्यांना गुरू भेटे तो या काचेतूनच. ताफ्याचे महत्त्व श्रीमंतीपेक्षा इथे अधिक आहे, असे म्हणता येईल.

गाड्यांमध्ये ‘सिल्व्हर स्पर’ आणि ‘सिल्व्हर स्पिरिट’ या प्रकारांचा भरणा होता. एकेकीची किंमत त्या काळी लाख डॉलरच्या घरात. कारखान्यातून आलेला शालीन रंग आश्रमाच्या चित्रकारांना फिका वाटे. काही गाड्यांवर त्यांनी उडते पक्षी, ढग, चमचमत्या चुऱ्याचे थर असे काही रंगवले की ब्रिटिश शोफरला भोवळ यावी.

इतक्या गाड्या कशाला, याची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली. सुरुवातीला पाठदुखीचे कारण होते. रोल्स-रॉईसची बैठक मानवते, असे सांगितले गेले. पुढे रजनीश म्हणत की गरिबांची काळजी बाकीचे धर्म घेतातच, श्रीमंतांकडे मी बघतो. संन्याशांनी तर या टीकेचीच थट्टा करून गाड्यांच्या मागे चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्यांचा आशय असा: ‘येशू वाचवतो, मोशे गुंतवतो, भगवान उधळतो.’ टीकाकारांच्या मते हा सगळा फुकटच्या प्रसिद्धीचा मामला होता, आणि ती मिळाली यात शंका नाही. पत्रकार यायचे ते गाड्या मोजायला.

मोजण्यासारखे दुसरे बरेच काही तिथे घडत होते. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये ऑरेगनमधल्याच ‘द डॅल्स’ या शहरात शीलांच्या गटातल्या संन्याशांनी उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले आणि ७५१ लोक आजारी पडले. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरीच राहावेत, हा त्यामागचा बेत होता. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला रँच सोडून युरोपात गेल्या. २८ ऑक्टोबर १९८५ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट विमानतळावर रजनीशांना अटक झाली. स्थलांतर कायद्याखालील दोन आरोपांवर तडजोड झाली: चार लाख डॉलर दंड, स्थगित शिक्षा आणि देश सोडणे.

गुरू गेल्यावर गाड्यांना ना चालक उरला, ना रांग. त्याच वर्षअखेरीस टेक्सासमधल्या एका मोटारविक्रेत्याने ताफ्यातल्या बहुतेक गाड्या घाऊक उचलल्या आणि त्या एकेक करून विकल्या. आश्रमात रंगवलेल्या गाड्या आज हौशी संग्राहकांकडे सापडतात. रजनीश जानेवारी १९८७ मध्ये पुण्यात परतले. रँच डेनिस वॉशिंग्टन या उद्योगपतीने १९९१ मध्ये घेतले आणि पुढे ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती संस्थेला दिले. तिथे आता शाळकरी मुलांची उन्हाळी शिबिरे भरतात.