केमोथेरपीचे नखांवरील व त्वचेवरील दुष्परिणाम

कर्करोगावरील औषधांमुळे नखे, तळहात, तळपाय आणि चेहऱ्याच्या त्वचेत होणारे बदल. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. नखमूळ आणि त्वचेचा खालचा थर सतत वाढत असल्यामुळे तेही या माऱ्यात सापडतात. नागपुरात खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. जामठ्याचे राष्ट्रीय कर्करोग संस्थान असो, की तुकडोजी पुतळ्याजवळचे कर्करोग रुग्णालय, तिथे येणाऱ्या रुग्णांच्या हातांवर हे बदल दिसतात. केस गळणार हे घरच्यांना आधीच ठाऊक असते. नखांबद्दल मात्र कुणी सांगितलेले नसते, म्हणून नख काळे पडले की घर हादरते.

पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल ही औषधे नखांना सर्वाधिक त्रास देतात. नखाखाली रक्त साकळते, नख तपकिरी होते, टोकाकडून सुटू लागते. सुटलेल्या नखाला पदराचा धागा अडकला तरी डोळ्यांत पाणी येते. इतर काही औषधांनीही नखांवर आडव्या रेघा उमटतात. दर २१ दिवसांनी केमो असेल, तर हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढत असल्याने दोन रेघांत सुमारे २ मिमी अंतर पडते. केमोच्या किती सायकली (फेऱ्या) झाल्या, ते नखावर मोजता येते. डोसेटॅक्सेल चढत असताना गोठवलेले हातमोजे घातल्यास नखांची हानी कमी होते. ही सोय आहे का, हे पहिल्या सायकलीआधीच विचारावे.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी होतो तो ‘हँड-फूट सिंड्रोम’. आधी मुंग्या येतात, मग तळवे लाल होऊन जळजळतात, सोलतात, भेगा पडतात. संत्रे सोलताना सालीचा रस त्या भेगांत गेला की हात झटकावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला असता अंगणातली तापलेली फरशी किंवा घट्ट चप्पल हा त्रास वाढवते. तळव्यांना ऊब आणि घर्षण टाळणे, युरियायुक्त मलम लावणे, सैल सुती मोजे घालणे हे उपाय आहेत. दिल्लीच्या एम्समधील २६४ रुग्णांच्या चाचणीत १% डायक्लोफेनॅक जेल लावणाऱ्यांपैकी ३.८% जणांना मध्यम ते तीव्र त्रास झाला. औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण १५% होते. हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखण्यावरचे साधे, स्वस्त जेल इतके कामाला यावे, ही मोठीच दिलासादायक गोष्ट आहे. तरी ते डॉक्टरांना विचारूनच लावावे.

जेफिटिनिब, एर्लोटिनिब, सेटुक्सिमॅब या औषधांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहरा, छाती व पाठीवर पुरळ उठते. ते मुरुमांसारखे दिसते, पण मुरूम नव्हे. मुरमांची मलमे लावली तर त्वचा आणखी कोरडी पडून चिरते. पुढे काहींच्या नखाची कड सुजून पिकते. लिंबू, तुरटी, कडकडीत मिठाचे पाणी असले घरगुती उपाय इथे घातक ठरतात.

त्रास लपवून रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतात, हे सगळ्यात वाईट. डोस कमी करून किंवा काही दिवस थांबवून बहुधा उपचार पुढे चालू ठेवता येतात. तो निर्णय डॉक्टरांचा. नख पिकले आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण केमोच्या काळात जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग झाली, तर त्याच क्षणी नर्सला सांगावे. काही औषधे शिरेबाहेर गळली तर मांस जाळतात.

कॅपेसिटाबिनने बोटांचे ठसेही पुसट होतात. मग रेशन दुकानातले यंत्र अंगठा ओळखत नाही आणि आजारी माणूस रांगेत पुन्हापुन्हा बोट पुसत उभा राहतो. आधारमध्ये बुबुळांचीही नोंद असते. उपचारांचे कागद सोबत ठेवून दुकानदाराकडे दुसऱ्या पर्यायाची मागणी करावी. गोळ्या थांबल्यावर बहुतेकांचे ठसे काही आठवड्यांत पुन्हा उमटतात. हाताचे नख पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात, पायाचे यायला वर्ष-दीड वर्ष.