टोलोसा-हंट सिंड्रोम: 72 तासांच्या अटीमागची पार्श्वभूमी

टोलोसा-हंट सिंड्रोम म्हणजे एका डोळ्यामागे तीव्र ठणका आणि तो डोळा फिरवणाऱ्या नसांचा लुळेपणा. या आजाराची पहिली नोंद 1954 ची, स्पेनमधल्या टोलोसा या न्यूरोसर्जनची. रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला. शवविच्छेदनात कॅव्हर्नस सायनसमध्ये (डोळ्यामागची, डोळ्याच्या नसा जिथून जातात ती पोकळी) कॅरोटिड धमनीभोवती ग्रॅन्युलोमाची सूज, म्हणजे दाहक पेशींच्या छोट्या गाठी, सापडल्या. 1961 मध्ये अमेरिकेतून हंट यांनी अशाच सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि 1966 मध्ये दोघांच्या नावाने आजाराचं बारसं झालं. स्टेरॉइड सुरू करताच एक-दोन दिवसांत ठणका थांबतो, हे एव्हाना लक्षात आलं होतं.

तेव्हा एमआरआय नव्हता, आणि कॅव्हर्नस सायनसची बायोप्सी म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे औषधाचा गुण हाच पुरावा मानला गेला. 1988 च्या डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अट आली, की स्टेरॉइडनंतर 72 तासांत वेदना थांबली पाहिजे. 2004 मध्ये ती आणखी कडक झाली. वेदनाच नव्हे, डोळ्याचा लुळेपणाही 72 तासांत जायला हवा! ही अट घालणाऱ्यांनी किती रुग्ण पाहिले होते कोण जाणे. तिसऱ्या दिवशी रुग्ण शांत झोपलेला असतो, पण पापणी उचलून बघितली तर बुबुळ बाहेरच्या बाजूला वळत नाही. एकाचे दोन दिसणं पुढे कित्येक आठवडे, कधी महिने चालतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर. लिम्फोमाही (लसिका पेशींचा कर्करोग) स्टेरॉइडने तात्पुरता वितळतो, आणि गुण आला म्हणून निदान पक्कं धरलं तर गाठ महिनोन्‌महिने लपून राहते. आपल्याकडे अशा फसव्या आजारांत टीबीची भर. 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) हजारो रुग्ण निघाले. डोळा दुखणं, पापणी पडणं, नजर न फिरणं ही लक्षणं अगदी तीच. मधुमेही रुग्णाला अशा वेळी ‘देऊन तर बघू’ म्हणत स्टेरॉइड देणं म्हणजे बुरशीला खतपाणी. म्हणून नाकातून दुर्बीण घालून तपासणी आणि रक्तातल्या साखरेची तपासणी आधी, स्टेरॉइड मागाहून.

त्याच निकषांच्या 2013 च्या मसुद्यात आणि 2018 च्या अंतिम आवृत्तीत 72 तासांची अट गेली. आता एमआरआय किंवा बायोप्सीत ग्रॅन्युलोमाची सूज दिसावी लागते, आणि वेदना लुळेपणासोबत किंवा त्याआधी फार तर दोन आठवडे सुरू झालेली असावी लागते. उशीर झाला, पण बदल रास्त होता. तरी नवी खोच आहेच. साध्या ब्रेन एमआरआयवर ही सूज सहज निसटते. कॅव्हर्नस सायनसचे पातळ काप, कॉन्ट्रास्टसह, चिठ्ठीवर लिहून मागावे लागतात. ते करूनही काहींचा एमआरआय स्वच्छच येतो, आणि त्यांना काय म्हणायचं यावर एकमत नाही.

उपचारात तेवढं काही बदललेलं नाही. स्टेरॉइडच: प्रेडनिसोलोन, किंवा सुरुवातीला शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, मग हळूहळू कमी करत नेणं. आजार इतका विरळा, की डोस किती आणि किती दिवस हे ठरवणारी मोठी चाचणी झालेलीच नाही. ज्यांचा आजार पुन्हा उलटतो त्यांना मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, तेही मोजक्या रुग्णांच्या अनुभवावर.