दुधात उतरलेले औषध कसे सापडते?

जळगाव-धुळ्याकडच्या गावांत दूध डेअरीवर घातले की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लगेच मोजले जाते, कारण भाव त्यावरच ठरतो. गाईला कासदाहासाठी इंजेक्शन दिले होते का, आणि बाटलीवर छापलेला दूध न घालण्याचा काळ पाळला का, हे त्या यंत्राला कळत नाही. दूध उकळले तरी त्यात उतरलेले औषधाचे अंश पुरते नाहीसे होत नाहीत.

ही अडचण आधी लक्षात आली ती चीज करणाऱ्यांच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन सडातून कासेत सोडण्याची रीत रुळली आणि कारखान्यांत दूध नीट विरजेना. औषधाचा अंश विरजणातले जीवाणूच मारत होता. याच तत्त्वावर १९७०च्या दशकात डेल्व्होटेस्ट ही चाचणी आली. दूध निर्दोष असेल तर नळीतले जीवाणू वाढून आम्ल तयार करतात आणि जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर जांभळाच राहतो. पण याला सुमारे तीन तास लागतात, तोवर टँकर निघून गेलेला असतो. कोणते औषध नेमके किती आहे, हे सांगणारे मास स्पेक्ट्रोमीटर फार महाग.

म्हणून नजर चमकणाऱ्या नॅनोकणांकडे वळली. येकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी या शास्त्रज्ञांना ज्यांसाठी २०२३चे नोबेल मिळाले, त्या क्वांटम डॉट्समध्ये बहुधा कॅडमियम हा विषारी धातू असतो. अन्नाजवळ तो नकोच. २००४मध्ये कार्बन नॅनोनलिका शुद्ध करताना अनपेक्षितपणे कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, सापडले. ते केळीच्या सालीपासूनही बनवता येतात: पाण्यासह बंद भांड्यात तापवून. केळी पिकवणाऱ्या खान्देशातल्या प्रयोगशाळांनी हा विषय हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

अतिनील प्रकाशात हे कण बहुधा निळे चमकतात. टेट्रासायक्लिन हे जनावरांना दिले जाणारे प्रतिजैविक तोच प्रकाश शोषून घेते, त्यामुळे औषध वाढले की चमक मंदावते. सोबत युरोपियम हा धातू असेल तर ते औषधाला बांधले जाऊन लाल उजळते. निळ्याचा लाल होणारा हा रंग मोबाइलचा कॅमेराही टिपू शकतो. युरोपात दुधातल्या टेट्रासायक्लिनची मर्यादा किलोला १०० मायक्रोग्रॅम आहे.

खरा अडसर दुधाचाच. स्निग्धांश आणि केसीन हे दुधातले प्रथिन प्रकाश विखुरतात, कॅल्शियम औषधाला धरून ठेवते. त्यामुळे बहुतेक पद्धतींत आधी प्रथिने साकळवून दूध गाळावे लागते. ही पायरी गावातल्या संकलन केंद्रावर जमायला हवी, कारण टँकरमध्ये एका कॅनचे दूध इतरांत मिसळले की अंश पातळ होतो आणि कोणाच्या गोठ्यातून आला हे शोधणे अवघड होते.